ताईचा टाइम

फाल्गुन उतरणीला लागला की आमच्या घरात सगळ्यांत आधी खिडकीची काच जागी होते. तिला चौकटीत पक्की धरणारी लांबी कधीच झडून गेली आहे. कुठेतरी डीजेचा पहिला ठोका पडतो, तो कानाला कळायच्या आत काच थरथरते, मग टेबलावरच्या कपातला चहा, आणि मग पोटाच्या आत, जिथे आपलं काही चालत नाही तिथे, तो ठोका येऊन बसतो.

परवा तसंच झालं. माझ्या खोलीत दहावीच्या पाच-सहा मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर. त्यांच्या घरांत माणसं जास्त आणि खोल्या कमी, म्हणून परीक्षेच्या दिवसांत त्या माझ्याकडे येतात. काच वाजली तशी एकीने वहीतून मान वर केली.

"ताई, आज कोनाची हळद?"

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. गावात शांतता होती. आवाज पलीकडून येत होता, कामोठ्याच्या सेक्टरांना लागून नवे टॉवर झालेत त्यांच्या क्लबहाउसमधून. आता त्यांच्याकडेही हळदी होतात. पिवळे कपडे, पिवळ्या छत्र्या, पिवळं सरबत. हळद तेवढी बेतानेच लावतात, कपडे खराब होतात म्हणे.

"आपल्यातली नाय," मी म्हणाले. "लिहा तुम्ही."

मुली लिहू लागल्या. मी मात्र उठले, बसले, पंखा वाढवला, पंखा कमी केला. चपला घालून सरळ तिथे जायला हवं होतं. पण त्या टॉवरच्या फाटकापर्यंतचा रस्ता माझ्यासाठी सरळ नाही. तो एका जुन्या हळदीतून जातो.

या दिवसांना आमच्याकडे एकच असं नाव नाही. शाळा परीक्षा म्हणते, मांडववाला सीझन म्हणतो. कर्नाळ्याच्या उतारावर पांगारा पेटलेला असतो. भरदुपारी खाडीच्या ओहोटीचा वास गावात येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. रस्त्याच्या कडेला जुन्या साडीवर जवळा वाळत पडलेला असतो, आणि त्याच्या बाजूने हॉलतिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोरं रिक्षा गाठायला धावत असतात. एका घरासमोर मांडवाचे बांबू उभे राहतात, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात कोणी प्रमेय घोकत असतं. दोघांनाही वाटतं, गल्ली आपली आहे. दोघांचंही खरं असतं. सतरा वर्षांची होते तेव्हा मला हे मान्य नव्हतं. आजही पुरतं मान्य नाही.

मी पत्रकांवर वाढले. अगदी शब्दशः. बाबा प्रकल्पग्रस्तांच्या चळवळीत होते. नव्या शहराच्या सेक्टरांसाठी जमीन गेली, भात गेलं, आजोबांचं मिठागर गेलं. पत्रकं तेवढी येत राहिली. पनवेलच्या जुन्या बाजारातल्या एका छापखान्यातून गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांचे गठ्ठे घरी यायचे. त्या गठ्ठ्यांवर मी झोपले आहे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर पाढे लिहिले आहेत. आई त्यांत सोडे बांधून माहेरी पाठवायची, आणि मामा सोडे खाऊन कागद वाचून काढायचा.

बाबा लिहायला बसले की मी शेजारी बसायचे. ते एकदा मला म्हणाले, "पत्रकाला तीन गोष्टी लागतात. वर हाक, मदी हकीकत आनि शेवटी इशारा. इशारा नसंल त ती लग्नपत्रिका."

इशारा म्हणजे ठरलेली ओळ. 'अन्यथा कायदेशीर मार्गाचा अवलंब करावा लागेल, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.' आमच्या गावात ती ओळ कोणी वाचत नसे. जेवल्यावर हात धुवावेत तशी ती पत्रकाच्या शेवटी यायची. लिहिणाऱ्याला माहीत, वाचणाऱ्याला माहीत. ज्यांनी नोंद घ्यायची, त्यांनी तर ती कधीच घेतली नाही.

म्हणूनच असेल, ज्युनियर कॉलेजात आमच्या सेवापथकाच्या मॅडमनी त्या पुरस्काराबद्दल सांगितलं तेव्हा माझ्या अंगात काहीतरी शिरलं. तरुणांच्या नेतृत्वासाठी दिला जाणारा राज्यातला सगळ्यात वरचा पुरस्कार. त्याच्या तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीवर समाजसेवेचं काम. आमच्या घरात मागण्या चिक्कार होत्या, मंजूर झालेली एकही नव्हती. मला एकदा, फक्त एकदा, आमच्या घरातल्या कुणाचं काहीतरी मंजूर झालेलं बघायचं होतं.

पहिल्या दोन पायऱ्या मी आणि मृण्मयीने मिळून चढलो. मृण्मयी सेक्टरातली, तिचे बाबा त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. कर्नाळ्याला सहलीचे लोक टाकून जातात त्या बाटल्या आम्ही पोत्यांत भरल्या. माकडांनी पोती उसकटली, आम्ही पुन्हा भरली. गावातल्या देवळाच्या ओसरीवर पुस्तकांचं कपाट मांडलं. प्रत्येक कामाचे फोटो लागायचे. झाडू मारतानाचा फोटो काढायचा तर आधी झाडलेला कचरा परत पसरावा लागतो, हे मी तेव्हा शिकले. मृण्मयी हसायची. मला हसू यायचं नाही. मला कुठलंही काम करताना घाईच असायची, पुढच्या पायरीची.

तिसरी पायरी वेगळी होती. आपल्या समाजातली एखादी सवय बदलून दाखवायची, आणि परीक्षक स्वतः येऊन ती बदललेली बघणार. मला विचार करावाच लागला नाही. माझ्या चुलतभावाची, नितेशदादाची हळद तोंडावर आली होती. त्याची बहीण पूजा दहावीला, आणि हळदीनंतर एक दिवस सोडून तिचा बीजगणिताचा पेपर. परीक्षा संपेपर्यंत गावातल्या हळदीतला डीजे बंद. ही माझी मागणी. सुरुवात आमच्याच घरापासून.

मी आधी पूजाकडे गेले. मला वाटलं होतं, ती माझ्या गळ्यात पडेल.

"ताई, मी दिवसा करीन ना अभ्यास," ती म्हणाली. "दादाचं लगीन एकदाच. मला नाचायचं हाय."

"आणि बीजगणित?"

"बीजगणित ऑक्टोबरला पन येतं. दादाची हळद येती का ऑक्टोबरला?"

तिच्याशी वाद घालून मी घामाघूम झाले. शेवटी दहावर तडजोड झाली: दहापर्यंत नाचायचं, मग झोपायचं, पहाटे उठून गणितं. ही वेळ माझी नव्हतीच खरं तर, पूजाची होती.

मग काका. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, नितेशदादाचे वडील. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, ओटीवर पाय पसरून बसलेले, समोर पत्रिकांचा ढीग.

"दहाला? गो, दहाला त सोयरे येतात."

"सोयऱ्यांना लवकर बोलवा."

"आनि बोकड? त्याला पन सांगशी, लवकर शीज म्हनून?"

ओटीवरचे सगळे हसले. मी हसले नाही, तसे काकाही थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

"तुला बक्षीस मिलंल काय यान?"

"मिळालं तर."

"आपले घरान? सरकारी?"

"हो."

त्यांनी एक पत्रिका उचलली, उगाच उलटसुलट केली. "मंग दहाला. काकाच्या जिभेला हाड हाय."

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. वर हाक, मध्ये हकीकत आणि दहाची मागणी. जमिनीच्या पैशाचा धूर करणाऱ्या हळदींवर असं काही लिहिलं की वाचताना माझेच कान गरम झाले. डीजेऐवजी आपला जुना धवला ऐका, असंही लिहिलं. आणि शेवटी, हात आपोआप चालतो तशी, ती ओळ. 'अन्यथा कायदेशीर मार्गाचा अवलंब करावा लागेल.' पिवळा कागद घेतला, हळदीचा म्हणून.

पत्रक गावात फिरलं आणि पहिली तक्रार आली ठमाआत्याची. ठमाआत्या धवलारीण. आमच्या लग्नात भटजी नंतर येतो. आधी धवलारीण लागते. घाणा भरण्यापासून नवरा निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं, धवला. त्यात ती घरातल्यांची नावं गुंफते. नवऱ्याचं, आईबापाचं, करवलीचं.

"कोन गो ती पत्रकवाली?" दारातूनच तिने आवाज दिला.

"आत्या, मी."

"डीजेच्या 'ऐवजी' म्हंजे काय? मी काय डीजेच्या ऐवजी हाय?"

"तसं नाही आत्या, आपली परंपरा..."

"परंपरेचा गला बसलाय. मी डीजेवाल्याच्याच माईकवर गाते. तो माईक नसंल त मागची बाय पन ऐकत नाय, तुजी परंपरा कुठशी ऐकनार? खोड ते."

मी उरलेल्या प्रतींवरची ती ओळ पेनाने खोडली. शेवटची ओळ खोडायचं माझ्या मनातही आलं नाही. ती ओळ आहे, हेच मुळी मला दिसत नव्हतं.

हळदीच्या दिवशी मीच करवली होते. दुसऱ्या दिवशी लग्नाला निघताना करा हातात घेऊन नवऱ्याच्या मागे चालायचा मान काकीने मला दिला होता. पूजाचा पेपर होता म्हणून, आणि मला वाटतं, काकांनी शब्द दिला होता त्याचा आनंद म्हणूनही. ऊन कलल्यावर पाटावर बसवून नितेशदादाला हळद लागली. ठमाआत्या माईक ओठांना चिकटवून गायली. तिच्या आवाजात घरघर होती आणि स्पीकरमध्ये त्याहून जास्त. सगळ्या गावावरून ती आमच्या घरची नावं घेत गेली. भावाचं, काकाचं, काकीचं. मग करवली हर्षदा. माझं नाव घरांच्या कौलांवरून, टाक्यांवरून, सेक्टरांच्या बाजूला गेलं आणि तिकडच्या भिंतींवर आपटून परत आलं.

मग विकीने डीजे लावला. विकी नितेशदादाचा मित्र, डीजे त्याचा स्वतःचा. आणि मी नाचले. हे त्या पुरस्काराच्या फायलीत कुठे नाही. पूजाच्या हातावर पेनाने सूत्रं लिहिलेली होती, त्यांच्यावर हळद चढली, ती दोन्ही हात वर करून नाचत होती आणि ओरडत होती, "ताई, दहापर्यंत!" काकी नाचत होती. ठमाआत्या खुर्चीत बसून मान डोलवत होती. ठोका पोटात बसत होता आणि मला तो नकोसा नव्हता.

दिवेलागण झाली आणि पोलिसांची गाडी आली. दहा वाजायला अजून खूप अवकाश होता.

साहेब तरुण होते, बोलायला सौम्य. हातात एका सोसायटीचा तक्रारअर्ज, त्याला टाचलेलं माझं पिवळं पत्रक. आवाज मर्यादेबाहेर आहे, स्पीकरची परवानगी नाही, आणि तुमच्याच गावाने इशारा दिलेला आहे की, असं म्हणून त्यांनी शेवटची ओळ मोठ्याने वाचली.

काका पुढे झाले. "सायब, ते असंच लिवतात."

"असंच म्हणजे?"

"म्हंजे शेवटी लिवायचं असतं. तसं काय करायचं नसतं."

साहेबांनी काकांकडे बघितलं, मग कागदाकडे. मांडवात एवढी माणसं उभी होती, जन्मभर पत्रकं वाचलेली, पण त्या ओळीचा अर्थ काय नाही, हे साहेबांना सांगणं कुणाला जमेना. बाबांनाही नाही. बाबा मांडवाच्या बांबूला धरून उभे होते.

विकीचा डीजेचा मिक्सर माईकसकट जप्त झाला. तो एवढासा डबा गाडीत गेला आणि मांडवात अशी शांतता पसरली की पातेल्यात बोकड रटरटत होता तोही ऐकू येत होता. काका सोयऱ्यांकडे बघत नव्हते. पुरुषांच्या घोळक्यातून कोणीतरी म्हणालं, "पत्रकवालीनं आनले पोलीस." हळू म्हणालं. पण डीजे नव्हता.

आणि नेमकी त्या शांततेत मृण्मयी परीक्षकांना घेऊन आली. त्यांना स्टेशनवरून आणायचं काम तिच्याकडे होतं. पांढरे केस, खांद्याला झोळी, चेहऱ्यावर कौतुक. त्यांनी मांडव बघितला, बंद स्पीकर बघितले, हळदीने माखलेली गप्प माणसं बघितली.

"वा," ते म्हणाले. "आठसुद्धा वाजले नाहीत आणि एवढी शिस्त! आदर्श आहे हे."

मृण्मयी माझ्याकडे बघून हसली. तिला काहीच माहीत नव्हतं. मी तिला बाजूला ओढलं.

"पत्रक कुणाला दिलंस?"

"नोटीस बोर्डावर लावलं. आपणच ठरवलं होतं ना, सगळीकडे लावायचं?" मग तिने माझा चेहरा पाहिला, मागे रिकामं टेबल पाहिलं. "हर्षदा, बाबांनी काही...? पण तूच लिहिलंयस ना, कायदेशीर मार्ग म्हणून?"

तिचं काय चुकलं होतं? तिने कागद वाचला होता, शेवटपर्यंत. तिच्या घरात कागदावर लिहिलेलं घडतं. त्यांनी नोंद घ्या म्हटलं की कोणीतरी नोंद घेतं. या एका गोष्टीचा मला इतका राग आला की मी तिला तिथेच सोडून वळले. तो राग तिच्यावर नव्हता, पण समोर तीच होती.

मी परीक्षकांकडे गेले. "सर, हे आमचं यश नाही. पोलीस येऊन गेलेत. आम्ही दहापर्यंत वाजवणार होतो आणि मग आपण होऊन बंद करणार होतो."

"अगं, पण आवाज बंद आहे ना? परिणाम महत्त्वाचा."

"हा परिणाम धाकाचा आहे. सवय बदलायची होती, ती बदलायची संधीच आम्हाला मिळाली नाही. दहा वाजता माझे काका काय करतात, ते तुम्ही बघायला हवं होतं. आता ते कधीच कुणाला दिसणार नाही."

माझा आवाज चढला होता. काकी बघत होती. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला. "हे सगळं लिहून दे," ते म्हणाले. मी लिहून दिलं. शेवटी इशारा न देता मी लिहिलेलं ते पहिलं लिखाण. आता पुरस्कार गेला, असं समजूनच दिलं.

घरी बाबांनी ते पिवळं पत्रक समोर घेतलं. "वाक्य माजंच हाय," ते म्हणाले. कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "मी उभा जन्म इशारे दिले, एक शिपाई हालला नाय. तुज्या एका इशाऱ्याला गाडी आली. कागद तोच गो. हात दुसरे."

सकाळी मी कोरी साडी नेसून काकांच्या घरी गेले. करा ओटीवर भरून ठेवलेला होता. काकीने माझ्याकडे न बघता म्हटलं, "पूजा धरंल करा. तुला कॉलेजची कामं असतील."

पूजा तोंड वाकडं करून उभी राहिली. काका धोतराच्या निऱ्यांशी खेळत होते. मी परत फिरणार होते. मला आठवतं, उंबऱ्यावरची माझी चप्पल एकदम फार लांब वाटली. पुरस्कार गेल्याचं मला त्या रात्री फारसं काही वाटलं नव्हतं. या ओटीवर माझी जागा नाही, हे मात्र गिळता येत नव्हतं. पत्रक मी आपल्या लोकांसाठी लिहिलं असं समजत होते, आणि आपले लोक माझ्याकडे पाठ करून उभे होते.

"करवली कोन म्हनालीस?" आतून ठमाआत्याचा आवाज. ती पान लावत बसली होती.

"पूजा," काकी म्हणाली.

"मी हर्षदा गायलंय."

"मंग आज पूजा गा."

"मी काय रेडिओ हाय? काल माईकवर गायलंय. आख्ख्या गावानं ऐकलंय, तिकडं बिल्डिंगवाल्यांनी पन ऐकलंय. देवाला नाव सांगून झालंय. आता बदलायचं त दुसरी धवलारीन आना."

"आत्या, तिच्यापायी पोलीस आले घरान."

"आले. आनि त्यांनी माजा माईक नेला. माज्यापरी जास्त कोनाचा गेला?" तिने पान तोंडात टाकलं. "पन नाव गेलं नाय. उचल गो पोरी. नारल सांभाल, हलतोय."

मी करा उचलला. काकीने पुढे होऊन माझ्या हातातल्या कऱ्यावरचा नारळ नीट बसवला. ज्या भोंग्याविरुद्ध मी एवढा कागद काळा केला, त्याच भोंग्याने माझं नाव गावभर नेलं होतं, आणि म्हणून ते परत घेता येत नव्हतं. नितेशदादाच्या मागे चालताना मी हाच विचार करत होते. अजून करते. याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही. आवाज वाईट होता, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. आणि त्या आवाजाशिवाय मी त्या दिवशी ओटीवरून परत गेले असते.

पुरस्कार मिळाला. पावसाळा संपल्यावर, मुंबईत, मोठ्या सभागृहात. मानपत्रात माझ्या निर्भीडपणाचा उल्लेख होता. त्यांना माझं लिहून दिलेलं आवडलं होतं. मला अजून त्याचा त्रास होतो. तुम्ही रागाने काही म्हणावं आणि समोरच्याने टाळ्या वाजवून ते काचेत बसवावं, तसं. मृण्मयी शेजारीच उभी होती, तिलाही मिळाला. आम्ही एकमेकींच्या हातातली फुलं बघितली. पुढे ती शिकायला बाहेरगावी गेली.

काका आले होते, तोच पांढरा शर्ट घालून. समारंभानंतर त्यांनी मानपत्र हातात घेतलं, वरचा सोनेरी शिक्का अंगठ्याने चाचपला.

"यो कागुद दाखवला," ते म्हणाले, "त विकीचा मिक्सर सुटंल काय?"

मी हसायला लागले आणि मग थांबले, कारण त्यांनी खरंच विचारलं होतं. विकीचा तो सगळा सीझन गेला होता. आम्ही दोघं ते मानपत्र घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. त्याने कायदा बदलत नाही, पण साहेबांनी खुर्ची दिली, आणि कुठला अर्ज, कुठल्या कोर्टात, कधी, हे विकीला इतके महिने कोणी धड सांगितलं नव्हतं, ते सगळं चहा संपायच्या आत सांगितलं. मिक्सर सुटला. राज्यातल्या सगळ्यात वरच्या त्या पुरस्काराने माझ्या डोळ्यांदेखत केलेली समाजसेवा एवढीच.

पुढच्या फाल्गुनात विकीने पहिल्याच हळदीत माईकवर माझं नाव घेतलं. आपल्या गावची पुरस्कारविजेती वगैरे. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पण दहाचा ठोका पडला आणि तो म्हणाला, "चला, ताईचा टाइम झाला," आणि खटका दाबला. तेव्हापासून गावात दहाला तेच म्हणतात. टोमणा म्हणूनही म्हणतात. कधी पाळतात, कधी पाळत नाहीत. नवरा श्रीमंताचा असला तर हमखास पाळत नाहीत. तरीही कोणाला तरी ते म्हणावं लागतं, आणि म्हणताना माझ्या खिडकीकडे बघावं लागतं.

परवा दहा वाजून गेले तरी टॉवरकडची काच वाजतच होती. एका मुलीने कानात बोटं घातली होती. मी टेबलाचा खण उघडला. त्यात पिवळा कागद होता, नेहमी असतो. पेनाचं टोपण काढलं. 'रहिवासी बंधू-भगिनींनो' एवढं लिहिलं, तोच खालून हाक आली.

"हर्षे! वाजले किती?"

काका. आता गुडघे धरून चालतात.

"दहा वाजून गेले, काका."

"मंग तुजा टाइम झाला ना? त्या लोकांना कोन सांगल?"

"लिहितेय."

"लिवू नको! तुजा तो शेवटला इशारा त बिलकूल नको. पायान कायतरी घाल आनि चल."

मुलींनी माझ्याकडे बघितलं. मी टोपण लावलं. खाली काका हातात नारळ घेऊन उभे होते. हळदीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं.

रस्ताभर त्यांनी मला दाखवलं, इथे बांध होता, इथे आपला खारा तुकडा, इथे विहीर. आवाज जवळ आला तसं त्यांना ओरडून बोलावं लागलं. फाटकाशी वॉचमनने आमच्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं.

"किधर जाना है?"

"हलदी में," काका म्हणाले.

"बुलाया है?"

काकांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. आतून येणाऱ्या ठोक्याने फाटकाचा पत्रा थरथरत होता. त्यांनी त्याच्यावर सपाट हात ठेवला, मी घरी काचेवर ठेवते तसा.

"ये आवाज हमारे घर तक आया ना?" ते म्हणाले. "हमारे गाव में उसको बुलाना बोलते."

वॉचमन आधी हसला. मग त्याने कडी काढली.